जातिवंत पिल्लू घेण्याआधी आणि रिंगमध्ये उतरवण्याआधी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

हिवाळा लागला की आपल्या नागपुरात श्वान प्रदर्शनांची चर्चा सुरू होते. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात झुपकेदार केसांचे, तुकतुकीत कातडीचे, मालकाशेजारी ऐटीत उभे असलेले कुत्रे छायाचित्रांतून दिसतात आणि ती छायाचित्रे पाहून कितीतरी घरांत पिल्लू आणण्याचा बेत ठरतो. मी प्रतापनगरात राहते, शाळेतून निवृत्त झाले आहे आणि रोज पहाटे माझ्या लॅब्राडोर मादीला घेऊन फिरायला जाते. गेल्या काही महिन्यांत रस्त्यात थांबवून चार वेगवेगळ्या घरच्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "काकू, आमचंही पिल्लू शोमध्ये उतरवता येईल का हो?" चौघांकडेही देखणी, गुटगुटीत पिल्ले होती. चौघांनीही चांगली किंमत मोजली होती. त्यांपैकी तिघांकडे त्या पिल्लाच्या आईबापांचा एक कागदही नव्हता, आणि कागद मागायचा असतो हे त्यांना कोणी सांगितलेलेही नव्हते. त्या तिघांना "नाही" म्हणताना मला फार जड गेले, कारण हेच उत्तर मी स्वतः एकदा प्रवेशद्वाराशी उभी राहून ऐकलेले आहे. म्हणून हे पत्र लिहीत आहे.

आमचा पहिला लॅब्राडोर, मोती, आम्ही घेतला तेव्हा आम्हाला यातले काहीच कळत नव्हते. शहराबाहेरच्या एका विक्रेत्याने फोनवर पिल्लाची छायाचित्रे पाठवली, "डबल बोन आहे, शो क्वालिटी आहे, चॅम्पियन ब्लडलाइन आहे" असे सांगितले आणि एका ढाब्याच्या वाहनतळावर टोपलीतून पिल्लू आमच्या हाती दिले. आई दाखवा म्हटले तर ती गावी आहे, कागद दाखवा म्हटले तर ते दोन महिन्यांनी चेन्नईहून येतील. पिल्लू तेव्हा जेमतेम पाच आठवड्यांचे असावे; नीट चालतही नव्हते. घरी आल्याच्या चौथ्या दिवशी त्याला रक्ताचे जुलाब सुरू झाले. पार्व्हो, म्हणजे पिल्लांच्या जिवावर बेतणारा आतड्यांचा संसर्गजन्य आजार होता. सहा रात्री सलाईनची बाटली भिंतीवरच्या खिळ्याला टांगून आम्ही दोघे आळीपाळीने त्याच्या उशाशी बसलो, आणि तो वाचला. कागद मात्र कधीच आले नाहीत. पुढे तो फोन नंबरही लागेनासा झाला. मोती वर्षाचा झाल्यावर त्याला प्रदर्शनाला घेऊन गेलो, तेव्हा नोंदणी क्रमांक आणि मायक्रोचिप नाही म्हणून आम्हाला बाहेरूनच परत यावे लागले. मोती आमच्याकडे शेवटपर्यंत लाडाकोडात राहिला आणि त्याच्या प्रेमाला कागदाची गरज कधीच पडली नाही. पण आमची फसवणूक झाली होती, आणि त्या फसवणुकीचा त्रास आमच्यापेक्षा त्या पाच आठवड्यांच्या जिवाने अधिक सोसला होता.

हा 'कागद' म्हणजे नेमके काय, ते आधी स्पष्ट करते. केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था चेन्नईत आहे आणि देशभरातले तिच्याशी संलग्न क्लब तिच्या नियमांनुसार प्रदर्शने भरवतात. नर आणि मादी या दोघांचीही नोंद तिथे असेल, तरच त्यांच्या वेताची नोंद होते. ती नोंद वेत ज्याच्या घरी झाले त्या ब्रीडरने करायची असते. त्यानंतर प्रत्येक पिल्लाचे वेगळे प्रमाणपत्र निघते. त्यावर त्याचे नोंदणीचे नाव, जन्मतारीख, रंग, नर की मादी, मायक्रोचिप क्रमांक आणि मागच्या पिढ्यांची वंशावळ असते, आणि पुढे ते प्रमाणपत्र खरेदीदाराच्या नावावर बदलून घ्यावे लागते. मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी एक वस्तू असते. ती मानेच्या मागे, खांद्यांच्या मध्ये कातडीखाली सुईने सोडतात आणि वाचन यंत्र वरून फिरवले की पंधरा अंकी क्रमांक दिसतो. तो क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक एकच आहे ना, हे पिल्लू घेताना स्वतः पडताळून पाहावे. एवढे केले तरी अर्धी फसवणूक तिथेच थांबते.

एक गैरसमज मात्र दूर केला पाहिजे. कागद असला म्हणजे पिल्लू प्रदर्शनात चमकेलच, असे मुळीच नाही. कागद फक्त वंश सांगतो. पिल्लाचा बांधा, दात, चाल आणि स्वभाव यांची हमी तो देत नाही. एकाच वेताच्या आठ पिल्लांत रिंगमध्ये, म्हणजे परीक्षकासमोर कुत्रे फिरवतात त्या दोरीने आखलेल्या जागेत, उतरवण्याजोगे एखादेच निघते आणि बाकीची सात घरात वाढवायला तितकीच उत्तम असतात. ही गोष्ट जो ब्रीडर आपणहून सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवावा. 'डबल बोन', म्हणजे जाड हाडाचा, असा कोणताही प्रकार कोणत्याही जातीच्या मानकात, म्हणजे त्या जातीचा कुत्रा कसा असावा याच्या वर्णनात, लिहिलेला नाही; तो बाजारातला शब्द आहे आणि भाव वाढवण्यासाठी वापरला जातो. आईला पाहिल्याशिवाय पिल्लू घेऊ नये, हे तर मी ज्याला त्याला हात जोडून सांगते. आई समोर असली की तिची तब्येत दिसते, तिचा स्वभाव दिसतो, आणि ती गेल्या वर्षीही याच खोलीत बाळंत झाली होती का, हेही पुष्कळदा कळते. २०१७ साली केंद्र सरकारने श्वान प्रजनन आणि विक्रीसंबंधी नियम केले आहेत. त्यांनुसार आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, अठरा महिन्यांच्या आतल्या मादीपासून पिल्ले घेता येत नाहीत आणि वर्षातून एकापेक्षा जास्त वेत घेता येत नाही. आमच्या मोतीच्या वेळी हे नियम लागू होते की नव्हते याने फरक पडत नाही. पाच आठवड्यांच्या पिल्लाला आईपासून तोडणे तेव्हाही चूकच होते. आज मात्र खरेदीदाराच्या हाती विचारण्याजोगा नियम आहे, आणि तो विचारला पाहिजे.

श्वान प्रदर्शन म्हणजे सौंदर्य स्पर्धा, असा समज आपल्याकडे रूढ आहे. प्रदर्शनाचा उगम पाहिला तर तो समज टिकत नाही. आज आपण ज्याला प्रदर्शन म्हणतो त्याची सुरुवात १८५९ च्या जून महिन्यात इंग्लंडमधल्या न्यूकॅसल येथे झाली आणि तिथे फक्त पॉइंटर आणि सेटर हे शिकारीचे कुत्रे उतरवले होते. १८७३ साली तिथे केनेल क्लब स्थापन झाला आणि जातींच्या नोंदवह्या व नियम यांना शिस्त आली. ज्या कामासाठी जात घडली ते काम करण्याजोगा बांधा या कुत्र्याचा आहे का, आणि पुढची पिढी याच्यापासून घ्यावी का, हा परीक्षकापुढचा मूळ प्रश्न असतो. म्हणून रिंगमध्ये दोन कुत्र्यांची तुलना एकमेकांशी करण्याआधी परीक्षक प्रत्येकाची तुलना त्या जातीच्या लिखित मानकाशी करतो. लॅब्राडोरचेच उदाहरण घेऊ. हा कुत्रा थंड पाण्यात उडी घेऊन पडलेला पक्षी अलगद तोंडात धरून आणणारा. त्याचे केस आखूड आणि दाट, आत पाणी अडवणारा मऊ थर. शेपूट बुडाशी जाड आणि टोकाकडे निमुळती होत जाणारी, पाणमांजराच्या शेपटीसारखी. खांद्यापाशी उंची नराची ५६ ते ५७ आणि मादीची ५४ ते ५६ सेंटीमीटर. रंग काळा, पिवळा किंवा चॉकलेटी. चाल मोकळी आणि सरळ. आता आपल्या गल्लीतला लठ्ठ, धापा टाकणारा, चार पायऱ्या चढून बसकण मारणारा लॅब्राडोर डोळ्यांसमोर आणा. लोक त्याला 'भरलेला' म्हणून कौतुकाने थोपटतात. पाण्यात पोहायला घडलेला प्राणी वजनाखाली दबून जातो, तेव्हा त्याच्या सांध्यांचे काय होत असेल याचा विचार कोणी करीत नाही.

जातीची निवड करताना नागपूरचे ऊन विसरून चालणार नाही. मे महिन्यात इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि अशा शहरात सायबेरियन हस्की किंवा सेंट बर्नार्ड पाळण्याची हौस मला समजून घेता आलेली नाही. सपाट नाकाच्या पगला धापा टाकूनही अंगातली उष्णता नीट बाहेर टाकता येत नाही, कारण त्याचा श्वासमार्गच आखूड आणि अरुंद असतो. चोवीस तास एसीत ठेवलेला कुत्रा जगतो, पण तो धावत नाही, माणसांत मिसळत नाही, त्याचे स्नायू बनत नाहीत, आणि नेमक्या याच गोष्टी रिंगमध्ये पाहिल्या जातात. प्रदर्शनाची आवड ज्यांना खरोखर आहे त्यांनी आपल्या मातीतल्या जातींकडे एकदा पाहावे, असे मला मनापासून वाटते. महाराष्ट्र आणि कर्नाटकातला कारवान, ज्याला मुधोळ म्हणूनही ओळखतात, तमिळनाडूचा राजपालयम आणि चिप्पिपराई, उत्तर प्रदेशातला रामपूर हाउंड, या जाती इथल्या उन्हात पिढ्यानपिढ्या धावल्या आहेत. २००५ साली टपाल खात्याने रामपूर, मुधोळ, राजपालयम आणि हिमालयन या चार कुत्र्यांची तिकिटे काढली होती. ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरच्या भाषणात देशी जाती पाळण्याचे आवाहन केले, तेव्हा काही दिवस चौकशीही वाढली होती. तरी आपल्याकडच्या प्रदर्शनात कारवान आला की लोक "हा इतका वाळका का?" असे विचारतात. त्याच्या फासळ्या पुसट दिसणे आणि पोट आत ओढलेले असणे हेच त्या धावपटूचे लक्षण आहे, हे तिथे उभे राहून मी अनेकांना समजावून सांगितले आहे.

मी स्वतः मात्र पुन्हा लॅब्राडोरकडेच वळले, कारण मोतीची सवय झाली होती. या वेळी आधी दोन प्रदर्शने नुसती प्रेक्षक म्हणून पाहिली, रिंगच्या दोरीशी दिवसभर उभी राहिले, ज्यांचे कुत्रे आवडले त्यांच्याशी बोलले आणि मग दुसऱ्या शहरातल्या एका ब्रीडरकडे नाव नोंदवून सात महिने थांबले. त्यांनी उलट माझीच चौकशी केली. घर वरच्या मजल्यावर आहे का, दिवसभर घरी कोण असते, उन्हाळ्यात काय सोय, आणि पुढेमागे पिल्लू ठेवणे जमले नाही तर मला परत आणून द्याल ना, असे त्यांनी विचारले. मैना नऊ आठवड्यांची होऊन आमच्याकडे आली. सोबत लसीची नोंदवही, चिपचा क्रमांक, तिच्या आईबापांच्या खुब्यांच्या एक्स-रेचा अहवाल आणि ती रोज काय खाते याचा हाताने लिहिलेला कागद होता.

पिल्लाची प्रदर्शनासाठीची तयारी कधी सुरू करावी, असे लोक विचारतात. ती पिल्लू घरात पाऊल टाकते त्या संध्याकाळी सुरू होते. लसींचे डोस पूर्ण होईपर्यंत पार्व्होच्या भीतीने पिल्लाला रस्त्यावरच्या मातीत सोडता येत नाही, आणि दुसरीकडे जगाची ओळख करून घेण्याचे त्याचे वयही तेच असते. साधारण तीन ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान जे पाहिले, ऐकले, हुंगले त्याची भीती पुढे राहत नाही. हा पेच आम्ही मैनेला कडेवर घेऊन सोडवला. तिला उचलून संध्याकाळी कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याजवळ उभे राहायचे, वरातीचा बँड जाऊ द्यायचा, अजनीच्या पुलावरून गाड्यांचा आवाज ऐकवायचा. टोपी घातलेले, काठी घेतलेले, दाढीवाले, हेल्मेट घातलेले असे निरनिराळे लोक तिला हात लावून जात. या एका सवयीचे मोल मला पुढे रिंगमध्ये कळले, कारण परीक्षक हा कुत्र्याच्या दृष्टीने एक अनोळखी माणूस असतो, आणि तो सरळ येऊन त्याचे तोंड उघडतो.

तोंड उघडू देणे ही सगळ्यात दुर्लक्षित तयारी आहे. पिल्लाला दुधाचे अठ्ठावीस दात असतात, चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात आणि सातव्या महिन्याच्या सुमारास बेचाळीस पक्के दात येतात. या काळात हिरड्या दुखतात, म्हणून जबरदस्ती करू नये. पण रोज एकदा ओठ अलगद वर करून समोरचे दात बघायचे, मग दोन्ही बाजूंचे, आणि लगेच शाबासकी द्यायची. वरचे पुढचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसले पाहिजेत. दुधाचा सुळा पडला नाही आणि पक्का बाजूने आला, तर डॉक्टरांना लवकर दाखवावे, नाहीतर जबड्याची ठेवणच बिघडते. नर पिल्लू असेल तर दोन्ही अंड खाली उतरले आहेत का, हेही डॉक्टरांकडून पाहून घ्यावे. परीक्षक ते तपासतोच.

फरशीबद्दल मला विशेष सांगायचे आहे. आपल्या नव्या घरांतून सगळीकडे गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत. वाढत्या वयाचे जड पिल्लू त्यावर धावते, घसरते, मागचे पाय फाकतात, आणि घरचे हसतात. लॅब्राडोर आणि जर्मन शेफर्ड यांच्यात खुब्याचा सांधा सैल असण्याचा दोष वंशातून येतो. अति खाऊ घालणे आणि घसरडी फरशी त्याला हातभार लावतात. आम्ही बैठकीच्या खोलीत जुन्या सतरंज्या आणि पायपुसणी अंथरली. पाहुण्यांना ते बरे दिसले नाही, पण मैनेचे पाय सरळ राहिले. तिला जिन्यावरून उडी मारू दिली नाही, वर्षाच्या आत सायकलबरोबर पळवले नाही, आणि तिच्या फासळ्या बोटांना सहज लागतील एवढेच तिला खाऊ घातले. पावसाळ्यात रोज रात्री कानांच्या पाळ्या आणि पंज्यांच्या बोटांमधली जागा चाचपून गोचीड काढले, कारण विदर्भात गोचीडतापाने चांगला कुत्रा पंधरा दिवसांत हाडांचा सापळा होताना मी पाहिला आहे. उन्हाळ्यात फिरणे पहाटे सहाच्या आत; डांबरावर आपला तळहात पाच सेकंद ठेवता येत नसेल, तर त्याचा पंजाही ठेवता येत नाही.

उभे राहणे आणि चालणे या दोन गोष्टी शिकवाव्या लागतात. पुढचे पाय खांद्याखाली सरळ, मागचे पाय थोडे मागे, टाचेपासूनचा भाग जमिनीला काटकोनात, मान वर, नजर आपल्या हाताकडे. याला स्टॅक म्हणतात. सुरुवातीला दोन सेकंद, मग पाच, मग हळूहळू मिनिटभर. यासाठी खाऊ लागतो. बहुतेक लोक उकडलेल्या कलेजीचे तुकडे वापरतात. आमच्या घरी ते चालत नाही, म्हणून आम्ही पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे केले आणि मैनेला त्यात काही कमी वाटले नाही. चालवताना कुत्रा डाव्या हाताला असतो, बारीक शो लीड, म्हणजे प्रदर्शनात वापरायचा पट्टा, कानांच्या अगदी मागे, मानेच्या वरच्या भागात असते आणि ती सैल राहिली पाहिजे. ओढून धरली की पुढच्या पायांची चाल बिघडते. रिंगमध्ये घड्याळाच्या उलट दिशेने फेरी मारतात, म्हणजे कुत्रा सतत परीक्षकाच्या बाजूला राहतो. मग सरळ जाऊन परत या, किंवा त्रिकोणात फिरा, असे सांगितले जाते. रिंगमधली ही दुडकी चाल धड चालणेही नाही आणि पळणेही नाही. तिचा वेग प्रत्येक कुत्र्याचा वेगळा असतो आणि तो शोधायला आम्हाला घराजवळच्या मैदानावर दोन महिने लागले. माझे पाय थकत, म्हणून शेवटी माझ्या भाचीने मैनेला चालवायचे ठरले.

आमची चूक इथेच झाली. मैनेला आम्ही लहानपणापासून रस्ता ओलांडण्याआधी थांबलो की बसायला शिकवले होते, आणि ती सवय आम्हाला अभिमानाची वाटत होती. पहिल्या प्रदर्शनाला, पिल्लांच्या वर्गात, भाचीने सुरेख फेरी मारली, परीक्षकासमोर येऊन ती थांबली, आणि मैना शहाण्या मुलीसारखी खाली बसली. पुन्हा उभी केली, पुन्हा बसली. परीक्षक बाई शांतपणे थांबल्या, त्यांनी भाचीला एक पाऊल पुढे टाकून थांबायला सांगितले आणि तिसऱ्या खेपेला मैना उभी राहिली. पाच पिल्लांत ती चौथी आली. वर्ग संपल्यावर त्या आम्हाला म्हणाल्या, की हिचा खांदा चांगला आहे, वजन योग्य आहे, स्वभाव उत्तम आहे, आता हिला 'उभी राहा' हा वेगळा शब्द शिकवा आणि घरी थांबताना दर वेळी बसवू नका. चौथ्या क्रमांकाच्या त्या रिबिनीपेक्षा ती दोन वाक्ये आम्ही जपून घरी आणली. त्यानंतरच्या तीन महिन्यांत भाचीने पट्ट्याचा रंग बदलून दोन वेगळ्या सवयी लावल्या. जाड लाल पट्टा घातला की थांबल्यावर बसायचे, बारीक काळी लीड घातली की उभे राहायचे. कुत्र्याला हा फरक आठवड्याभरात कळला.

त्या दिवसाबद्दल आणखी थोडे सांगते, कारण नवख्या माणसाची तारांबळ इथेच उडते. प्रवेशिका कित्येक दिवस आधी भरायची असते. आयत्या वेळी मैदानावर नाव घेतले जात नाही. वयोगट प्रदर्शनाच्या दिवशीच्या वयावरून ठरतो, म्हणून जन्मतारीख कागदावर आहे तशीच लिहावी. लॅब्राडोरला आदल्या दिवशी आंघोळ घालू नये, केस मऊ पडून पसरतात. तीन-चार दिवस आधी घालावी. नखे आठवडाभर आधी कापलेली बरी. पाणी घरचे न्यावे. फेब्रुवारीत नागपूरची सकाळ गार आणि दुपार कडक असते, तेव्हा सावलीची जागा सकाळीच धरावी. आणि कुत्रा गाडीत बंद करून, काच बोटभर उघडी ठेवून कोणीही जेवायला जाऊ नये. दहा-पंधरा मिनिटांत गाडीच्या आत भट्टी होते.

एक गोष्ट मला अस्वस्थ करते. मैनेला रिबीन मिळाल्यापासून तिच्यासाठी नर सुचवणारे फोन येऊ लागले. ती तेव्हा दहा महिन्यांची होती. "एक वेत घ्या, पिल्लावर झालेला खर्च वसूल होईल," असे एका गृहस्थांनी मला आपुलकीनेच सांगितले. मी त्यांना म्हटले, तिचा स्वतःचा खुब्याचा एक्स-रे दोन वर्षांनंतर निघेल, तो चांगला आला तर पाहू, आणि नाही आला तर ती आमची मैना आहेच. प्रदर्शनात बक्षीस मिळालेल्या मादीकडे घरचे जर कमाईचे साधन म्हणून पाहू लागले, तर ढाब्यावरच्या त्या टोपलीत आणि आपल्यात अंतर उरणार नाही.

शहरातल्या आयोजकांना माझी विनंती आहे, की प्रवेशाचे नियम, वयोगट आणि लागणारी कागदपत्रे मराठीतही छापावीत, आणि प्रदर्शनाच्या पंधरा दिवस आधी एखाद्या रविवारी नवख्या मालकांसाठी तासाभराचा सराव ठेवावा. सेमिनरी हिल्सवर १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही आपल्याच शहरात आहे. अशा ठिकाणचे तज्ज्ञ त्या तासाला आले आणि खुब्याचा दोष, दातांची ठेवण व उष्माघात या तीन विषयांवर मराठीतून बोलले, तर पुष्कळ जनावरांचे हाल टळतील. संपादक महोदय, आपल्याला विनंती अशी, की प्रदर्शनाचे छायाचित्र छापताना विजेत्या कुत्र्याच्या किमतीऐवजी त्याची जात, वय आणि त्याच्या ब्रीडरचे गाव द्यावे. शेजारच्या त्या चार घरांपैकी ज्यांच्याकडे कागद आहे, त्यांचे बीगल पिल्लू आता पाच महिन्यांचे झाले आहे. बीगल टेबलावर उभा करून तपासतात, म्हणून त्यांच्या स्वयंपाकघरातल्या जुन्या टेबलावर आम्ही रबरी चटई बांधून दिली आहे आणि रोज संध्याकाळी सहा वाजता भाची तिकडे जाते. उरलेल्या तिघांची पिल्लेही तिथेच येतात. त्यांना रिंग मिळणार नाही, पण दात दाखवणे, नखे कापू देणे आणि अनोळखी हाताखाली शांत उभे राहणे ती शिकत आहेत.

आपली विश्वासू,
एक श्वानपालक वाचक,
प्रतापनगर, नागपूर